चढाच्या पायथ्याचा नमस्कार

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. हा शब्द मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. गेल्या गुरुवारी टायरच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, दादांच्या गाडीखाली मी खरोखरच आठही अंगं जमिनीला टेकवून पालथा पडलो होतो आणि तोंड नेमकं तुमच्या डोंगराच्या दिशेला होतं. तेव्हा तो नमस्कार तुम्हालाच पोचला असं धरून चालावं. खरं तर यापुढे तुमच्या प्रकृतीची चौकशी करायची, पण ती कोणत्या तोंडाने करू? डोळे कसे आहेत म्हणून विचारावं, तर ते आहेत तसेच आहेत, आणि तसेच आहेत ते माझ्यामुळे. सुईत दोरा ओवायला तुम्ही शेजारच्या मुलींना हाका मारता, मशीन झाकून ठेवलं आहे, हे कानावर आलं. लहानपणी माझ्या चड्ड्यांना जिने ठिगळं लावली, तिचं मशीन माझ्यापायी झाकलेलं असावं, हे काही बरं नाही.

(मास्तर, आपल्यालाही नमस्कार. वहिनींची पत्रं हल्ली आपणच ओसरीवर बसून वाचून दाखवता, तेव्हा हेही आपल्याच हाती पडणार. ओसरीवर दोन-चार माणसं आयती जमतात, हेही ठाऊक आहे. म्हणून एक विनंती करतो. कंसातला मजकूर कृपया मनातल्या मनात वाचावा. फोन करणार होतो, पण वर फोन तो एकच, दूध केंद्रावर. तिथे क्षमा मागायची म्हणजे दूध घालायला आलेली अख्खी रांग साक्षीला.)

तुम्हाला दवाखान्यात न्यायचं होतं त्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच सकाळचं पिल्लू आहे. पहाटे देवापुढे दिवा लावला, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद पिशवीत घातले आणि साडेसहाला चढाच्या पायथ्याशी पोचलो. रात्री पाऊस पडून गेला होता. गाडी थांबवली, खाली उतरलो, आणि दादा करायचे तसा आधी डाव्या, मग बॉनेटला वळसा घालून उजव्या चाकापाशी वाकलो. चाकाच्या मधोमध हात लावला, तो कपाळाला लावला, गाडीत बसलो, गिअरचा मोठा दांडा आणि त्याच्या शेजारचा छोटा दांडा दादांसारखेच ओढले आणि चढाला लागलो. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. चिखल काचेवर, वायपर चिखलात, आणि माझं काळीज कुठे होतं ते मला सांगता येणार नाही. गाडी पुढे जायची सोडून दरीकडे सरकू लागली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. देवाचं नाव घेतलं, पण (मास्तर, हे मनात) ते अर्ध्यावरच राहिलं. मग पाऊण तास उलट्या गाडीने वीत वीत करत खाली आलो. तिथून तुमच्या घराचं छप्पर दिसतं. तुम्ही गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसला आहात, हे मला दिसत नव्हतं, पण न दिसताही दिसत होतं.

परत प्रयत्न करायला हवा होता. पायी वर येऊन तुमच्यापुढे कबूल करायला हवं होतं. मी काय केलं, तर टपरीवरून दूध केंद्रावर फोन लावला आणि रस्ता खचलाय असं सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, “खचलाय? आत्ताच तर दुधाची गाडी वर आली!” मी म्हणालो, ती गेल्यावर खचला. तो म्हणाला, “मग ती खाली कशी निघाली?” आणि हे बोलणं चालू असतानाच ती दुधाची गाडी, जिच्या टायरवर नक्षी म्हणून काही उरलेलं नाही आणि जिचा एक दिवा दोरीने बांधलेला आहे, ती माझ्या नाकासमोरून खाली उतरली. ड्रायव्हरने वर मला हात केला. मी फोन कानाला लावून उभा. थोड्या वेळाने कारकून तुमचा निरोप घेऊन फोनवर परत आला, “त्या म्हणाल्या, बरं. रस्ता दुरुस्त झाला की ये म्हणावं.”

वहिनी, चार शिव्या दिल्या असत्यात तर मी दुपारपर्यंत विसरलो असतो. त्या ‘बरं’ने गेले अकरा आठवडे माझी झोप उडवली आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. माझ्यापुरतं अंगण रबराचं होतं. घरी पोचेपर्यंत माझी पक्की खात्री झाली की दोष टायरांचा. दादांनी घातलेले टायर, दादांना जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हा टायरांनीही आता जायला हवं. असे टायर घ्यायचे की चिखल, खडक, डांबर, काहीही समोर आलं तरी चाक घसरता कामा नये, आणि टिकायचे ते माझ्या निवृत्तीपर्यंत. एवढी मोठी खरेदी घाईने थोडीच करायची? (मास्तर, तुम्ही माझी कचेरी पाहिलेली नाही. पाणीपुरवठ्याच्या भांडारात मी चोवीस वर्षं नळाची साधी चकतीसुद्धा तीन ठिकाणचे दर आणि एक टिपण असल्याशिवाय घेतलेली नाही. त्यामुळे शहराला पाणी उशिरा मिळालं असेल, पण टिपण नाही असं कधी झालं नाही.) मी दोनशे पानी वही घातली. पानांवर रकाने आखले. पकड, टिकाऊपणा, आवाज, बाजूची जाडी, शेरा.

या वहीतलं ज्ञान तुम्हाला थोडक्यात सांगतो, म्हणजे अकरा आठवडे मी अगदीच माशा मारत नव्हतो हे पटेल. टायरांच्या तीन जाती. एक डांबरी रस्त्याचा. तो गुळगुळीत, शांत, सोज्वळ, पण चिखल दिसला की हातपाय गाळतो आणि टोकदार दगडाने त्याची बाजू कापली जाते. दुसरा निव्वळ चिखलाचा. त्याचे ठोकळे एवढाले की दोन ठोकळ्यांमध्ये लिंबू बसावं. तो चिखल कापत जातो, पण डांबरावर आला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि भराभर झिजतो. तिसरा सगळीकडचा. दोन्हीकडे थोडं थोडं जमवून घेणारा, घरातल्या मधल्या सुनेसारखा. आपल्या चढाला हाच. शिवाय माप मूळचंच ठेवायचं, कारण मोठा घातला तर वळताना मडगार्डला घासतो. चारही एकसारखे घ्यायचे, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचं भांडण लागून आतले गिअर खराब होतात. आणि कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात टायर बनला ते त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. जन्मतारीख लपवत नाही असा एवढाच एक प्राणी मला भेटला. हे सगळं मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. (हे मनात, मास्तर. उरलेले नऊ आठवडे कशात गेले, असं कोणी विचारेल.)

ते चौकशीत गेले. जिथे उंच गाडी दिसेल तिथे मी मागे हात बांधून उभा राहायचो, हळूच खाली बसायचो आणि नक्षीत अंगठा घालून खोली पाहायचो. जंगल खात्याच्या गाडीवाल्याने माझी कणव येऊन मला पाणी पाजलं. त्याला वाटलं, चक्कर आली. घरी तुमच्या जाऊबाईंनी पहिले पंधरा दिवस सोसलं. मग एकदा पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “टायर निवडताय का जावई?” मी म्हणालो, जन्माची गोष्ट आहे, पारखून घ्यावी. त्या म्हणाल्या, “जावई असता तर एव्हाना नातवंडं रांगली असती.”

सहाव्या आठवड्यात तर कहर झाला. दवाखान्याच्या आवारात सकाळी एक छान मळलेली गाडी उभी होती. मी नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर बसून मागच्या चाकात डोकं घातलं आणि अंगठ्याने खोली मोजतोय तोच मानेवर हात पडला. रखवालदार! “चाकाची टोपी चोरतोस?” मी म्हणालो, मी सरकारी भांडारपाल आहे. तो म्हणाला, “मग तर पक्का चोर.” माणसं जमली. कोणीतरी माझी वही उघडली, तर तीत शहरातल्या एकोणचाळीस गाड्यांचे नंबर, त्या कुठे, किती वाजता उभ्या असतात, आणि टायर नवे की जुने, असं सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात! (गावच्या शाळेत अक्षरासाठी मला बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, अक्षर किरटं असतं तर बरं झालं असतं.) गाडीचे मालक बाहेर आले आणि मी मेल्याहून मेलो. ते तुमचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मला सोडवलं, खुर्ची दिली, आणि माझ्या गुडघ्यांवरचा चिखल झटकून होत नाही तोच विचारलं, “तुमच्या वहिनी त्या दिवशी आल्या नाहीत, काय झालं?”

मी म्हणालो, रस्ता खचला होता.

तेच खोटं, दुसऱ्यांदा, दिवसाढवळ्या, ज्याने मला चोरीच्या आळातून सोडवलं त्याच्याच तोंडावर. त्यांनी डायरी उघडून पुढच्या महिन्याची वीस तारीख दिली आणि म्हणाले, “आता चुकवू नका. मोती जास्त पिकू दिला की काढणं अवघड होतं, आणि मग पुरतं दिसेलच याची खात्री मी देणार नाही.” मी मान डोलावली. बाहेर पडताना सवयीने त्यांच्या टायरकडे पाहिलं, साधेच होते.

एवढं ऐकून शहाण्या माणसाने त्याच दुपारी टायर घेतले असते. मी आणखी चार आठवडे वही भरली आणि मग देवाकडे गेलो. (मास्तर, हा भाग मनातही हळूच वाचा.) सगळीकडच्या टायरांतल्याच तीन कंपन्यांच्या तीन चिठ्ठ्या केल्या, देवापुढे ठेवल्या. मग वाटलं, देवाला पूर्ण मोकळीक द्यावी, म्हणून चौथी चिठ्ठी लिहिली, “आणखी चौकशी करावी.” डोळे मिटून उचलली, तर तीच निघाली. केवढं हायसं वाटलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकल्या, पुन्हा तीच. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी उलगडताना लक्षात आलं की बाकीच्या तिन्ही मी दोन घड्यांच्या केल्या होत्या आणि ही एक तीन घड्यांची. माझ्या बोटांना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. चाळीस वर्षं ज्याच्यापुढे हात जोडतोय, त्याच्यापुढे बसून मी पत्ते लावले. दिवा तसाच जळत होता. मला त्याच्याकडे बघवेना. तेव्हा कळलं वहिनी, की मला टायर नको होते. मला टायर न मिळणं हवं होतं. टायर मिळाले की चढ आला.

चारही चिठ्ठ्या दिव्यावर जाळल्या आणि गुरुवारी कचेरीत रजेचा अर्ज टाकून गाडी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराला सगळं गाव ‘भोंगा’ म्हणतं. दादांची गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडेच यायची. आवाज असा, की त्याने गुपित सांगितलं तर नाक्यावरचा न्हावी वस्तरा थांबवून ऐकतो. मला पाहताच तो ओरडला, “आज गाडी आणली! अहो साहेब, अकरा वेळा आलात, अकराही वेळा वही घेऊन. मी म्हटलं, टायर वहीलाच बसवायचेत का काय!” मी मान खाली घालून चार टायर सांगितले, सगळीकडचे, जाड बाजूचे, मूळ मापाचे. त्याने गाडी उचलली, जुनी चाकं काढली आणि टायर हातावर फिरवून बघत बसला. नाडी बघावी तशी. म्हणाला, “यात अजून जीव आहे. पण हवा ठासून भरलीय, मधेच झिजलेत. आणि हे सपाट डाग बघा. हल्ली ही गाडी चालवतो कोण? ब्रेकवर उभाच राहतो वाटतं.” मी म्हणालो, एक ओळखीचे आहेत.

नवे टायर चढवून झाले आणि तो पुढच्या चाकाच्या मध्यापाशी थांबला. तिथे ते वाटोळं बटण आहे ना, लाडवाएवढं, दादा ज्याला हात लावायचे ते. त्याने ते धरून फिरवून पाहिलं. हलेना. दुसऱ्या बाजूचंही हलेना. तेल सोडलं, पकडीने ओढलं, तेव्हा कुठे करकरत फिरलं. म्हणाला, “हे शेवटचं कधी लॉक केलं होतं?” मी विचारलं, लॉक म्हणजे?  मग त्याने मला गाडीखाली झोपवून दाखवलं (तोच तो साष्टांग) की छोटा दांडा ओढला तरी इंजिनाची ताकद पुढच्या चाकांमधल्या दांडीपर्यंतच येते. ही दोन बटणं खाली उतरून हाताने फिरवल्याशिवाय ती चाकांत शिरतच नाही. ती फिरवली नाहीत, तर चार चाकांची गाडी मागच्या दोनच चाकांवर ओढते आणि पुढची दोन नुसती बरोबर चालतात, वरातीतल्या पाहुण्यांसारखी. “दादा चढाखाली उतरून हे फिरवायचे, वर पोचले की सोडवायचे. तुम्ही पाहिलं नाही कधी?”

वहिनी, मी वीस वर्षं पाहत होतो. चढ आला की दादा मला म्हणायचे, “तू बस,” आणि स्वतः उतरायचे. मी डाव्या बाजूला बसून पाहायचो, ते एका चाकापाशी वाकायचे, वळसा घालून दुसऱ्यापाशी वाकायचे, आणि वर पोचल्यावर पुन्हा तसंच. मला वाटायचं, खाली मागणं आणि वर आभार. दादा देवळाच्या पायरीला कधी शिवले नाहीत, त्यांची सगळी भक्ती एवढीच आहे, असं समजून माझा ऊर भरून यायचा. ते गेल्यावर ती भक्ती मी पुढे चालवली. दीड वर्षात चार वेळा कोरड्या दिवसांत चढ चढला, त्याचं पुण्यही त्या नमस्कारालाच दिलं. तुम्हाला आठवतं? गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला अजून लांबचं दिसत होतं; मी वर आलो, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “वरून पाहिलं हो, अगदी त्यांच्यासारखा वाकलास.” तुम्हाला वाटलं, धाकटा गाडी शिकला. मला वाटलं, वहिनींनी माझी श्रद्धा ओळखली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

भोंग्याला मी हे सांगायला नको होतं. तो हसला, त्याचा नोकर हसला, न्हावी अर्धी दाढी सोडून आला. बटण पुसत भोंगा म्हणाला, “तरीच! दीड वर्षं फिरवलं नाही, पण वरून कसं चकचकीत आहे बघा. नमस्काराने घासून घासून!” मग हसता हसता एकदम थांबला आणि हळू आवाजात, म्हणजे फक्त दुकानापुरतं, म्हणाला, “साहेब, टायर आता चढवलेत, परत घेत नाही. पण जुन्यांवरही चढला असता.”

म्हणजे त्या मंगळवारी काही चुकलं असेल, तर ते टायरांचं नव्हतं. एका बटणाचं होतं, आणि त्याहून जास्त, पायी वर येऊन तुम्हाला खरं न सांगण्याचं. बटण भोंग्याने सोडवलं. दुसरं मला सोडवायचं आहे. दादांकडून मला गाडी मिळाली, तुमच्याकडून अक्षर आणि लाज. यातलं काय नीट सांभाळलं ते तुम्हीच बघा. रस्ता खचला नव्हता, वहिनी. कधीच खचला नव्हता.

कळावे असं लिहून पत्र संपवतात. तुम्हाला कळलेलं होतंच, तेव्हा, कळवलं.

आपला,
धाकटा

ता. क. : खरं तर या पत्राचं एक छोटं कारण आहे. रस्ता खचल्याचं मी घरीही तेच सांगितलं आहे. तुम्ही इकडे आल्यावर तुमच्या जाऊबाईंपुढे विषय निघाला, तर “रस्ता तसा वाईटच होता” एवढं म्हणावं. खोटं नको, वाईट तो आहेच.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. रद्द समजावा. मी हातपाय धुवायला गेलो असताना हे पत्र टेबलावर उघडं राहिलं. समासात जे आडवं लिहिलं आहे ते माझं अक्षर नव्हे: “वहिनी, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या माहेरचा. हे स्वतःहून कधी बोलतात याची वाट बघत होते. तुमची खोली झाडून ठेवली आहे.”

ता. क. तिसरा, पेन्सिलीने : आज एकोणीस तारीख. अक्षर वाकडं आहे, कारण कागद दूध केंद्राच्या भिंतीला टेकवून लिहितोय. पत्र पोस्टात टाकलं नाही, खिशात घातलं. पायथ्याशी उतरलो, टायरांतली जास्तीची हवा सोडली, डावं बटण फिरवलं, उजवं फिरवलं. मग सवयीने दोघांनाही नमस्कार केला. क्रम तेवढा बदलला. आदल्या रात्री पाऊस पडलेला होताच. तिसऱ्या वळणावर चाकं क्षणभर फिरली, पुढच्यांनी पकडलं, आणि गाडी म्हातारीसारखी कण्हत वर आली. नव्या टायरांमुळे, की बटणांमुळे, की मागे दुधाची गाडी सगळा वेळ हॉर्न देत होती म्हणून, ते मी वहीत लिहिणार नाही. वर पोचल्यावर बटणं सोडवली. देवाचं नाव या वेळी पुरं झालं.

मास्तर शाळेत गेलेत, असं कारकुनाने सांगितलं. मास्तर, तुमची सुटका झाली. वहिनी, हे पत्र आज मी वाचतोय. पहिल्या ओळीलाच आवाज ओळखला असेल. ओसरीवर कोणीही बसलेलं असो, कंसांतलं सगळं मी मोठ्याने वाचलेलं असेल, काही गाळलेलं नसेल. रस्ता दुरुस्त झाला आहे.

द्या ते गाठोडं इकडे.